उत्तमनानांची मुखत्यारी

आपण आपलं नाव सांगितलेलं उत्तमनानांना चालत नसे. ते ऐकून घेत, मान हलवत, पण मनावर घेत नसत. बीडच्या एसटी स्टँडमागच्या त्यांच्या ऑफिसात मी पहिल्यांदा गेले ती नोकरी मागायला. लग्न होऊन नुकतीच बीडला आले होते. हातात पदवीची फाइल होती, पुण्याच्या कंपनीतल्या अनुभवाचा दाखला होता. नानांनी फाइल जवळ ओढली, तिच्यावर चहाचा कप ठेवला आणि विचारलं, "कोणाची गं तू?"

मी नाव सांगितलं. "ते झालं. गाव?" नेकनूर, म्हटलं. "माहेर का सासर?" माहेर, वडील तिथेच मास्तर. मग त्यांनी माझ्यासमोरच फोन उचलून नेकनूरच्या कुणा किराणावाल्याला लावला. "तुमच्यातली एक पोरगी बसलीय इथं. मास्तराची लेक मंते. उंच हाय, चष्मा हाय. हाय का अशी कोणी?" पलीकडून बराच वेळ उत्तर चाललं होतं आणि नाना मधूनमधून माझ्याकडे बघून ते ताडून घेत होते. एकदा तर त्यांनी मला उजवा हात पुढे करायला लावला. लहानपणी कडबा तोडताना कापलेल्या बोटाची खूण नेकनूरवाल्याला आठवली होती. फोन ठेवून ते म्हणाले, "ये उद्यापासून. माणूस सोताचं नाव कायबी सांगतंय. गावानं सांगितलं की मग ते नाव."

पुण्यात मुलाखतीवर मुलाखती देऊन मला नोकरी मिळाली होती, आणि तिथल्या साहेबांना माझं आडनावही नीट घेता येत नसे. इथे फाइल न उघडता माझी नेमणूक झाली. मला अपमान वाटला की बरं वाटलं, हे मी अजून ठरवलेलं नाही.

नाना मूळचे केबलवाले. छतावरची डिश, मग चिंचेच्या झाडांवरून आणि लाइटच्या खांबांवरून गल्लीगल्लीत नेलेल्या वायरी, आणि पुढे त्याच वाटांनी घरोघर इंटरनेट. पांढरा शर्ट, वर अनेक खिशांचं जाकीट. त्या खिशांतून टेस्टर, पक्कड, सुपारीची डबी, नारायणगडाचा अंगारा असं काहीही निघे. मोठमोठ्या कंपन्यांच्या वायरी बीडमध्ये आल्या तरी नानांची गिऱ्हाइकं फारशी हलली नाहीत. मोठ्या कंपनीला फोन केला तर एक दाबा, दोन दाबा, असं चाले. नानांना केला तर आधी घरच्या म्हातारीच्या गुडघ्याची चौकशी होई, आणि इंटरनेट तोवर कधी कधी आपलं आपण चालू होई.

त्यांची एक मोठी हौस होती, उद्घाटनाची. खांब रोवला, नारळ. जनरेटर आला, नारळ. ऑफिसात पाणी गाळायचं यंत्र बसवलं तेव्हा त्याला फीत बांधली आणि सभापतींना बोलावलं. (खरं तर माजी सभापती. पण आमच्याकडे माणूस एकदा पंचायत समितीचा सभापती झाला की शेवटपर्यंत सभापतीच राहतो.) सभापती यायला दुपार टळली, आणि तोवर त्या यंत्राच्या पाण्याला कुणी तोंड लावलं नाही. मे महिना होता. मी कुरकुरले तेव्हा नाना म्हणाले, "बाई, उद्घाटन न्हाई केलं तर वस्तू चालू झाली ते लोकास्नी कळायचं कसं?" मी म्हटलं, पाणी आलं की कळेल. त्यांनी माझ्याकडे कीव आल्यासारखं पाहिलं.

नानांचा जिवाचा माणूस एकच, इसाकशेठ. आम्ही त्यांना इसाकचाचा म्हणायचो. दोघं शाळेत एका बाकावर बसलेले आणि एकाच मास्तरांचा मार खाल्लेले. नानांनी केबलचा धंदा काढला तेव्हा घरमालकांनी छतावर डिश लावू दिली नाही; चाचांनी आपल्या माडीवर लावू दिली, आणि पावसाळाभर ती माडी गळत राहिली. चाचा फळांचे व्यापारी. बालाघाटच्या डोंगरातली सीताफळं उतरवून आणायची, त्यांचा गर काढून गोठवायचा आणि आइस्क्रीम करणाऱ्या एका मोठ्या कंपनीला पुरवायचा, हा त्यांचा धंदा. वर्षाची सगळी कमाई त्या एका कंपनीच्या ऑर्डरवर. सीताफळाचा हंगाम छोटा, आणि फळ असं की एकदा त्याचे डोळे उघडले की ते कुणासाठी थांबत नाही.

चाचांचा मेल आमच्याकडून जाई. "बीडचा मेल बीडमधून" असं नानांनीच त्यांना मोठ्या अभिमानाने गळ्यात मारलं होतं. सर्व्हर आमच्या ऑफिसात, पत्ता चाचांच्या फर्मच्या नावाचा. आइस्क्रीम कंपनीच्या खरेदी खात्यात तोच पत्ता नोंदवलेला, आणि भावाचा कागद, म्हणजे कोटेशन, नोंदवलेल्या पत्त्यावरून आला तरच धरायचा, असा तिथला नियम. व्हॉट्सअॅप, फोन, काही चालत नसे. आणि आदल्या हंगामात झालं असं, की चाचांचा कागद तिथे पोचला, पण जाहिरातींच्या आणि लॉटरीच्या ढिगात जाऊन पडला. खरेदी खात्यातल्या एका भल्या माणसाने तो उकरून काढला म्हणून निभावलं. चाचांचा मुलगा आरिफ वैतागला. "अब्बा, पुढच्या साली तो मानूस तिथं नसला तर? मेल मोठ्या कंपनीकडं नेऊ." चाचा म्हणाले, उत्तमला विचारून बघू.

उत्तमला विचारलं गेलं आणि उत्तमचा पारा चढला. "इसाकचा मेल कचऱ्यात? बीडमदल्या इसाकचा?" जणू चाचांना कुणी लग्नाच्या पंगतीतून उठवलं होतं.

मी त्यांना समजावून सांगितलं. इंटरनेटवर प्रत्येक यंत्राला एक नंबर असतो, आणि माणसांच्या सोयीसाठी नाव. नावावरून नंबर काढायचं काम तर रोजचंच. पण मोठ्या कंपन्यांचे मेल घेणारे सर्व्हर स्वभावाने अगदी नानांसारखे. कुणी मेल घेऊन दारात आलं आणि 'मी अमका' म्हणालं, तरी ते तेवढ्यावर विश्वास ठेवत नाहीत. ज्याच्या मालकीचा तो नंबर, त्याला जाऊन विचारतात, हा कोणाचा? नंबरावरून नाव सांगणाऱ्या या उलट्या नोंदीला आमच्या धंद्यात रिव्हर्स डीएनएस म्हणतात. आता आमचे नंबर आमच्या मालकीचे नव्हते. पुण्याच्या एका कंपनीने नंबरांची एक अख्खी ओळ आम्हाला वापरायला दिली होती. त्यामुळे जग पुण्याला विचारी, आणि पुणं प्रत्येक नंबराला एकच छापील उत्तर देई, की असेल आमच्याकडचा कुणीतरी. चाचांचा मेल दारात उभा राहून फर्मचं नाव सांगायचा आणि गाव म्हणायचं, ठाऊक नाही बुवा.

नानांना हे इतक्या चटकन कळलं की मला जरा वाईटच वाटलं. पुण्यात हेच समजायला मला आठवडा लागला होता.

उपाय दोन होते. पुण्याला विनंती करून चाचांच्या एका नंबराचं नाव बदलून घ्यायचं, हा सोपा. किंवा पुण्याने सगळ्या जगाला सांगायचं, 'या ओळीतल्या नंबरांचं आम्हाला विचारू नका, बीडला विचारा', आणि बीडने उत्तर द्यायला स्वतःचे सर्व्हर ठेवायचे. याला डेलिगेशन म्हणतात. मी सोपा उपाय सुचवला. नाना दुसऱ्यावर अडून बसले.

"मंजी मुखत्यारी," ते म्हणाले. "पुण्यानं आपल्याला मुखत्यारी लिहून द्यायची. मग इसाक कोण, ते आपुन सांगायचं. एका नावासाठी पुण्याच्या पाया कावून पडायचं?"

मी पुण्याच्या कंपनीकडे तक्रार नोंदवली. त्यांनी नोंदणी क्रमांक पाठवला. मग मी आठवण करून दिली, त्यांनी नवीन क्रमांक पाठवला. असे पुष्कळ क्रमांक आमच्याकडे जमले. शेवटी नानांनी फोन माझ्या हातातून घेतला आणि पलीकडच्या इंजिनिअरला विचारलं, "साहेब, गाव कोणतं तुमचं?" तो बिचकला. पण निघाला गेवराईकडचा. पुढचा अर्धा तास डेलिगेशनविषयी एक अक्षरही बोलणं झालं नाही. गाव, भावकी, सोयरीक असं करत करत त्या इंजिनिअरची मावशी नानांच्या चुलत्याच्या व्याह्यांच्या गावात दिलेली निघाली. फोन ठेवताना नाना त्याला पाव्हणं म्हणत होते आणि तो नानांना नाना. गुरुवारी नाना दर्शनाला नारायणगडावर गेलेले असताना पाव्हण्यांचा फोन आला. मुखत्यारी दिली.

ते उत्तर देणारे आमचे सर्व्हर अजून बंदच होते.

रीत अशी, की आधी आपले सर्व्हर चालू करायचे, ते उत्तर देतात का हे पुण्याने तपासायचं, आणि मगच जगाला 'बीडला विचारा' म्हणून सांगायचं. दोन सर्व्हर मी तयार ठेवले होते. एक ऑफिसात, आणि दुसरा चाचांच्या गोदामात, कारण तिथला जनरेटर चांगला. पण नानांनी ते चालू करू दिले नव्हते. "आदी मुखत्यारी येऊ दे. तिच्या आदी दुकान उगडलं तर लोक काय मनतील?" माझी सगळी भिस्त होती ती पुण्याच्या तपासणीवर, सर्व्हर बंद दिसले की ते काम पुढे सरकवणार नाहीत. पाव्हण्यांनी तपासलंच नाही. मी फोन करून विचारलं तर तो म्हणाला, "आता नानांचं काम, त्यात काय तपासायचं?"

नाना गडावरून परत आले, मला अंगारा लावला, आणि मी सर्व्हर चालू करायला उठले तर म्हणाले, "थांब. रविवारी सभापतींच्या हातानं बटन."

मी त्यांना हात जोडून सांगितलं. नाना, कालपर्यंत निदान पुणं काहीतरी उत्तर देत होतं. आता पुणं म्हणतंय बीडला विचारा, आणि बीडच्या दाराला कुलूप. हे आधीपेक्षा वाईट आहे. चालू करू द्या, रविवारी सभापतींना दुसरं एखादं बटन देऊ, नुसतं दिवा लागेल असं. कुणाला कळणार आहे?

नाना गंभीर झाले. "खोटं बटन?" ते म्हणाले. "पुडाऱ्याच्या हातून आपुन खोटं काम करून घ्यायचं? ते सोताच्या हातानं करतेत ते येगळं." आणि मी काही करीन अशी शंका येऊन त्यांनी सर्व्हरची वीज नेणारी वायरच काढून जाकिटाच्या खिशात घातली. मग रिक्षाने चाचांच्या गोदामात गेले आणि तिथलीही काढून आणली. चाचा तेव्हा फळं निवडत बसले होते. "वायर कावून नेतो बे?" त्यांनी विचारलं. "रविवारी कळंल," नाना म्हणाले. चाचा हसले आणि पुन्हा फळं निवडू लागले.

शुक्रवारी चौकात फ्लेक्स लागला. वर सभापती, खाली नाना, आणि कोपऱ्यात हात जोडलेले इसाकचाचा, 'मुखत्यारीचे पहिले मानकरी' म्हणून. मजकूर होता, 'आता बीडचे उत्तर बीडच देणार'. फ्लेक्स लागला त्या वेळी बीड काहीच उत्तर देत नव्हतं, पण ते मला आणि बाहेरच्या काही सर्व्हरांनाच ठाऊक होतं.

शनिवारी सकाळी आरिफने यंदाच्या भावाचा कागद आइस्क्रीम कंपनीला पाठवला. त्याच्या बाजूने तो गेला. आमच्या बाजूने अडकला. समोरचा सर्व्हर स्पष्ट नकार देत नव्हता. तुमचं नाव आत्ता कळत नाही, जरा वेळाने या, असं म्हणत होता. आमचा मेलचा सर्व्हर जात होता, परत येत होता, पुन्हा जात होता. त्या कंपनीची मुदत शनिवारी संध्याकाळपर्यंतच होती. हे आरिफला ठाऊक होतं, चाचांना ठाऊक होतं. नानांना आणि मला नव्हतं.

मी बाहेर मांडवात गेले. नाना मांडववाल्याशी खुर्च्यांवरून हुज्जत घालत होते. "नाना, इसाकचाचांचा मेल अडकलाय. वायर द्या."

नानांनी लगेच चाचांना फोन लावला. मला ऐकू यावा म्हणून आवाज मोठा केला. "इसाक, तुजा एक मेल थांबलाय मनती बाई. घाई हाय का काय? असली तर सांग."

इकडे मांडववाला ओरडून विचारत होता, सभापतींचा सोफा मधे ठेवायचा की डावीकडे.

"न्हाई रे," चाचा म्हणाले. "काय घाई न्हाई. तू तुजं बग."

नानांनी माझ्याकडे पाहिलं. "ऐकलं?" ज्याचा मेल तोच म्हणतो घाई नाही.

रविवारचा कार्यक्रम सकाळचा होता. सभापती आले तेव्हा उन्हं कलली होती आणि पहिल्या रांगेतली माणसं जेवून परत आली होती. टेबलावर नवं कापड अंथरून त्यावर सर्व्हर, सर्व्हरला हळदकुंकू, शेजारी ताटात वायर. सभापतींनी विचारलं, "हे काय चालू होतंय?" नाना म्हणाले, "मुखत्यारी." सभापतींनी समजल्यासारखी मान डोलावली. भाषणात ते म्हणाले, "आजपासून जगात कुनीबी इचारलं, हा नंबर कोनाचा, तर पुनं गप बसंल आन बीड बोलंल." टाळ्या पडल्या. मला तेव्हाही आश्चर्य वाटलं आणि अजूनही वाटतं, की त्या दिवशीच्या सगळ्या भाषणांत तांत्रिकदृष्ट्या बिनचूक असं ते एकच वाक्य होतं.

मग चाचांचा सत्कार झाला. शाल, श्रीफळ, फेटा. त्यांना चार शब्द बोलायला सांगितलं. ते उठले, माइकपासून जरा लांबच उभे राहिले. "मी काय बोलू. उत्तमनं माज्यासाठी एवडं केलं. माजं नाव लागावं मनून पुन्यापर्यंत भांडला. दोस्त असावा तर असा." आणि बसले. नानांनी शर्टाच्या बाहीने डोळे पुसले. मग सभापतींनी वायर खोचली, बटन दाबलं, आणि बीड बोलू लागलं.

खरोखर बोलू लागलं. तासाभरात अडकलेले सगळे मेल सुटले. चाचांचा कागद या वेळी ढिगात न जाता थेट खरेदी खात्याच्या समोर, नावागावासकट, मानाने जाऊन बसला. मी स्वतः तपासलं. इतकं नीटनेटकं काम माझ्या हातून क्वचितच झालं असेल.

सोमवारी सकाळी त्या मेलचं उत्तर आलं. आपला कागद मिळाला, आभारी आहोत. ऑर्डर मुदतीत आलेल्या दुसऱ्या फर्मला दिली आहे.

हे सांगायला आरिफ ऑफिसात आला. खुर्चीवर बसला नाही. त्याने मुदत सांगितली, शनिवारी सकाळी मेल पाठवल्याचं सांगितलं, आणि नानांना विचारलं, "नाना, दोन दिवस लाइट नवती का तुमच्याकडं?" नानांनी माझ्याकडे पाहिलं नाही. ते म्हणाले, "लाइट व्हती." आरिफ गेला. नानांनी जाकीट काढून खुंटीला लावलं. त्यांना बिनजाकिटाचं मी तेव्हा पहिल्यांदा पाहिलं. माणूस बराच लहानखुरा होता. मग मला म्हणाले, "चल माज्यासंगं. एकट्याला व्हायचं न्हाई."

गोदामात फळांचे ढीग पडले होते. डोंगरातून माल येतच होता. ऑर्डर गेल्याचं झाडांना कुणी कळवलं नव्हतं. बायका पिकलेली फळं वेगळी काढत होत्या. ती आता मोंढ्याच्या बाजारात आणि रस्त्याकडेला मिळेल त्या भावाने जाणार होती. चाचा पोत्यावर बसले होते. त्यांनी नानांना शेजारी जागा केली, एक फळ फोडलं, अर्धं नानांच्या हातात दिलं, दुसरं अर्धं मला दिलं. "खा बेटा. यंदा लई गोड हाय."

नानांनी फळ तसंच धरून ठेवलं. "मी इचारलं व्हतं तुला," ते म्हणाले. "घाई हाय का मनून. तू न्हाई कावून मनला?"

"तू फोन केला तवा मागं मांडववाला बोलत व्हता," चाचा म्हणाले. "सोफा कुटं ठिवायचा इचारत व्हता. गावभर तुजे फोटू लागलेले. मी त्या कंपनीच्या मानसाला फोन करून एक दिस मागून बगितला. त्यो बी भला मानूस, पर त्याच्या वर साहेब हाय."

"मला सांगायचं व्हतं, इसाक."

"सांगितलं असतं तर लावली असती वायर?"

माझी खात्री होती की नाना 'लावली असती' म्हणतील. कुणीही म्हणालं असतं, आणि म्हणता म्हणता त्याला ते खरंही वाटू लागलं असतं. फळाचा रस त्यांच्या मनगटावरून कोपरापर्यंत ओघळला होता.

"न्हाई," ते म्हणाले. "मनलो असतो, एक दिसानं काय व्हतंय."

"मग?" चाचा म्हणाले. "माजा तर दिस खराब जानारच व्हता. तुजा बी कावून करायचा?"

मी उठून बायकांजवळ जाऊन बसले. डोळ्यांत पाणी आलेलं त्या दोघांना दिसू नये, एवढंच. नानांनी ते फळ शेवटी खाल्लं, बिया मुठीत धरून ठेवल्या आणि उठताना चाचांनी पुढे केलेल्या हातावर ठेवल्या.

त्यानंतर नाना सुधारले, असं लिहायला मला आवडलं असतं. दिवाळीच्या आसपास त्यांनी नव्या बॅटऱ्यांचं उद्घाटन केलं. फरक इतकाच, की फीत कापली गेली तेव्हा बॅटऱ्या आदल्या आठवड्यापासून चालू होत्या आणि त्याबद्दल नाना कुणाकडे काही बोलले नाहीत. सभापती मात्र वेळेवर आले.

आरिफने मेल मोठ्या कंपनीकडे नेला. चाचांनी त्याला अडवलं नाही आणि नानांनीही नाही. उलट ते बदलून द्यायला नाना स्वतः मला घेऊन गोदामात गेले आणि आरिफच्या शेजारी उभं राहून म्हणाले, "दोनी चालू ठिव. नवं नीट चालतंय असं डोळ्यानं बगितलं, की मग जुनं बंद कर. मदी एक मिनिट बी दार बंद नको." गुरुवारी मी त्यांना हात जोडून जवळजवळ हेच सांगितलं होतं. पण माझ्या तोंडचं ते कुणी ऐकलं नव्हतं, आणि नानांच्या तोंडचं आरिफने मुकाट्याने ऐकलं. दोस्ती जशी होती तशीच राहिली. शुक्रवारी नमाजनंतर चाचा आमच्या ऑफिसात येत, दोघं चहा पीत, आणि त्या हंगामाविषयी मी तरी त्यांना पुन्हा कधी बोलताना ऐकलं नाही. पुढच्या वर्षी ऑर्डर चाचांना परत मिळाली. मोठ्या कंपनीच्या मेलवरून.

गेल्या हिवाळ्यात नाना गेले. साखर होतीच, एक दिवस जेवून आडवे झाले ते उठले नाहीत. खांदा द्यायला चाचा सगळ्यांत पुढे होते आणि वयामुळे त्यांना कुणी बाजूला करायला गेलं तर ऐकेनात. ऑफिस आता नानांची सून बघते आणि सर्व्हर मी बघते. मुखत्यारी अजून बीडकडेच आहे.

नाना जाण्याच्या थोडंसं आधी मी सर्व्हरची साफसफाई काढली होती. कोणत्या नंबराला काय नाव आहे, ते बघत बघत खाली येत होते. एका नंबरापाशी थांबले. त्याच्यापुढे चाचांच्या फर्मचं नाव होतं. चाचांचा मेल जाऊन किती तरी महिने झाले होते, त्या नंबरावर आता काहीसुद्धा नव्हतं. जगात कुणी विचारलं असतं तर आम्ही चक्क खोटं सांगत होतो. नाना समोर सुपारी कातरत बसले होते.

"नाना, इसाकचाचांचं नाव काढते," मी म्हटलं. "तिथं आता काही नाही."

"कुनाला तरास हाय का त्याचा?"

"त्रास नाही. पण खोटं आहे."

नानांनी सुपारीचा तुकडा तोंडात टाकला आणि बाहेर रस्त्याकडे बघत म्हणाले, "असू दे एकांदं."